प्राथमिक शाळेची इमारत: आराखड्याच्या टप्प्यातील नोंदी

६ जानेवारी

विश्वस्तांकडून आलेल्या गरजपत्रकानुसार पहिली ते पाचवी, प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या आणि एका तुकडीत ३० मुले, अशी ३०० मुलांची शाळा उभी करायची आहे. खोल्यांची यादी नेमकी दिलेली आहे. इमारत लवचीक आणि बालकेंद्री असावी, एवढी एकच अपेक्षा त्यात मोघम राहिली आहे, आणि खरे काम नेमके तिथेच आहे.

कागदावर रेघ ओढण्यापूर्वी एक तक्ता तयार केला: या इमारतीत काय बदलावे लागेल, ते कोण बदलेल आणि किती वेळात. तासातासाला होणारे बदल मुले आणि शिक्षक स्वतः करतील, म्हणजे टेबले हलवणे, गट करून बसणे, एखादा कोपरा वेगळा काढणे. वर्षातून एकदा-दोनदा होणारे बदल शाळेतील कर्मचारी करतील. त्यात कपाटे, फळे, दोन वर्गांमधले दार उघडे ठेवायचे की बंद हे सगळे येते. पंधरा-वीस वर्षांनी मात्र भिंती पाडाव्या किंवा उभाराव्या लागतील आणि तेव्हा गवंडी, सुतार, वायरमन लागतील. या तिन्ही गोष्टींना आपण सरसकट लवचीकता म्हणतो आणि मग तिन्हींवर मिळून एकच उपाय शोधतो, तो म्हणजे सरकती भिंत. तिने बहुतेक वेळा यांपैकी एकही काम नीट होत नाही.

डच वास्तुविशारद जॉन हाबराकेन यांनी १९६१ मध्ये सामूहिक घरबांधणीसंदर्भात दीर्घकाळ टिकणारा सांगाडा आणि रहिवाशाला बदलता येणारे भरण, म्हणजे आतल्या भिंती-दारे, अशी विभागणी मांडली. शाळेसाठीही मला तीच उपयोगी वाटते. काय हलणार हे ठरवण्याआधी काय मुळीच हलणार नाही हे पक्के करायचे, हा या कामाचा पाया मानतो आहे.

१४ जानेवारी

मागच्या पिढ्यांनी या प्रश्नाचे काय केले, ते आज दिवसभर वाचत होतो. अमेरिकेत १९५८ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून एज्युकेशनल फॅसिलिटीज लॅबोरेटरीज ही संस्था स्थापन झाली आणि साठ-सत्तरच्या दशकांत भिंतींविना शाळांचा जो प्रसार झाला त्याला तिचे मोठे पाठबळ मिळाले. एका विशाल दालनात अनेक वर्ग, मुले आपल्या गतीने एका गटातून दुसऱ्या गटात जाणार, शिक्षक एकमेकांच्या साहाय्याने शिकवणार, अशी ती कल्पना होती. हेतू उदात्तच होता. प्रत्यक्षात आवाजाने सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला, शिक्षकांनी कपाटे आणि पुस्तकांच्या मांडण्या उभ्या करून आपापल्या हद्दी आखून घेतल्या आणि पुढे कित्येक ठिकाणी रीतसर भिंती घातल्या गेल्या.

यावरून मोकळेपणाची कल्पनाच चुकीची होती, असा निष्कर्ष काढणे मला पटत नाही. त्या दालनांत आडोसा, कोपरा, कमी उंचीचे छत, पाण्याची जागा, खिडकीपाशी बसण्याची सोय असे काहीच नव्हते. सगळी जागा सारखीच, म्हणून कुठेही काहीही करता येईल अशी अपेक्षा होती. पण सारख्या जागेत मुलाला अमुक काम इथे करावे असे सुचत नाही. त्याच काळात इंग्लंडमध्ये डेव्हिड आणि मेरी मेड या वास्तुविशारद दांपत्याने याच्या उलट दिशेने काम केले. ऑक्सफर्डशरमधील फिनमिअर या खेड्यातली त्यांची छोटी दोन वर्गांची शाळा १९५९ च्या सुमाराची आहे. तिच्यात घडीचे पडदे आहेतच, पण त्यांच्या दोन्ही बाजूंना वाचनाची, हातकामाची आणि निवांत बसण्याची अशी छोटी, वेगवेगळ्या स्वभावाची ठिकाणे आहेत. पडदा उघडला तरी ती ठिकाणे जागच्या जागी राहतात. आपल्या आराखड्याची दिशा हीच असावी, असे टिपण गटाला पाठवले.

२३ जानेवारी

एका चालू शाळेत पहिलीच्या वर्गात मागे बसून सकाळभर निरीक्षण केले. खिडकीचा उंबरा जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर होता, म्हणजे कार्यालयांत असतो तितकाच. सहा वर्षांच्या मुलाची उंची साधारण ११५ सेंटिमीटर धरली तर उभे राहिल्यावर त्याचे डोळे सुमारे १०५ वर येतात. बाहेरचे त्याला जेमतेम दिसते. तेच मूल जमिनीवर बसले की डोळे पन्नास-पंचावन्नवर येतात आणि त्याला खिडकीतून केवळ आकाशाचा एक पट्टा दिसतो. त्या वर्गातील एक मुलगी वही भिंतीला टेकवून उभ्यानेच लिहीत होती. टाचा उंचावल्या की तिला बाहेर पाहता येत होते आणि दर ओळीनंतर ती तेवढ्यासाठी टाचा उंचावत होती. शिक्षिकेने तिला दोनदा बसायला सांगितले. खिडकी खाली असती, तर ती मुलगी बसूनच लिहीत राहिली असती, याबद्दल मला शंका नाही.

मापे एकत्र केली. शालेय फर्निचरच्या युरोपीय मानकात १०८ ते १२१ सेंटिमीटर उंचीच्या मुलांसाठी बैठक ३१ सेंटिमीटर आणि टेबल ५३ सेंटिमीटर, तर १३३ ते १५९ सेंटिमीटर उंचीच्या मुलांसाठी बैठक ३८ आणि टेबल ६४ सेंटिमीटर असे गट आहेत. पहिलीतले मूल पाचवीपर्यंत साधारण वीतभराहून अधिक वाढते, त्यामुळे एकच बाक पाच वर्षे पुरेल हा हिशेब मुलांच्या पाठीवर उलटतो. फर्निचर इयत्तेनुसार येईल. खिडकी मात्र जागची हलत नाही, म्हणून तिचेच दोन थर करायचे ठरवले. खाली ३५ सेंटिमीटर उंचीचा रुंद कट्टा, ज्यावर बसता येईल आणि ज्याखाली पेट्या सरकवता येतील. त्याच्या वर ९० पर्यंत न उघडणारी, तुकडे सुटे होऊन पडणार नाहीत अशा पदरी काचेची पट्टी आणि त्याहून वर उघडणारी तावदाने. तळमजल्यावर यात अडचण नाही. वरच्या मजल्यावर कट्ट्यावर चढलेल्या मुलाचा विचार करून कठडा वेगळ्या पद्धतीने घ्यावा लागेल, म्हणून पहिली-दुसरी खालीच ठेवली आहे.

३० जानेवारी

वर्गाच्या आकारावर आज निर्णय झाला. चौरस खोलीऐवजी काटकोनात वळलेली खोली घेत आहोत: मुख्य भाग ७.२ मीटर बाय ७.२ मीटर आणि त्याला जोडलेला ३.६ बाय ३ मीटरचा हात. एकूण क्षेत्र सुमारे ६२.६ चौरस मीटर होते, म्हणजे मुलामागे दोन चौरस मीटरहून थोडे अधिक.

हा आकार नवा नाही. शिकागोजवळच्या विनेटका गावातील क्रो आयलंड शाळा एलिएल आणि एरो सारिनेन या वास्तुविशारद पितापुत्रांनी पर्किन्स, व्हीलर आणि विल या वास्तुविशारदांसह रचली आणि ती १९४० मध्ये सुरू झाली. तिच्यातला प्रत्येक वर्ग असा वळलेला आहे. मुख्य खोलीला लागून कामाची खोली, वर्गाचे स्वतःचे स्वच्छतागृह, थेट बाहेर स्वतःचे अंगण, दोन बाजूंनी उजेड, खिडकीपाशी बैठक. तेव्हाच्या वर्गांची छते बारा फुटांची असत, तिथे ती नऊ फुटांवर आणली, कारण मोजमापाचा आधार मूल हा होता. ती इमारत आजही शाळाच आहे. एवढ्या वर्षांत शिकवण्याच्या पद्धती अनेकदा पालटल्या, भिंती मात्र सरकवाव्या लागल्या नाहीत, कारण खोलीला मुळातच दोन स्वभाव आहेत. डच वास्तुविशारद हर्मन हर्ट्झबर्गर यांच्या साठच्या दशकातल्या डेल्फ्टच्या माँटेसरी शाळेतही वर्ग असेच वळलेले आहेत. तिच्या मधल्या दालनात विटांचा एक पक्का चौथरा बांधलेला आहे आणि मला तो या सगळ्या विषयातला सर्वांत बोलका धडा वाटतो. मोकळ्या जागेच्या मधोमध न हलणारी वस्तू ठेवली तर जागा अडेल असे कोणीही म्हणेल. पण मुले त्यावर बसतात, चढतात, त्याचे रंगपीठ करतात, त्याभोवती गोष्ट ऐकायला जमतात, आणि ती वस्तू पक्की असल्यामुळेच तिच्याभोवती इतके वेगवेगळे प्रकार घडू शकतात.

आमच्या आराखड्यावर पहिलीच्या वर्गशिक्षिकांचा आक्षेप रास्त होता. "मी फळ्यापाशी असताना त्या हातात काय चाललंय ते मला दिसलं पाहिजे. न दिसणारी जागा मी मुलांना वापरूच देणार नाही," असे त्यांनी स्पष्ट सांगितले. भिंतीऐवजी तिथे ९५ सेंटिमीटर उंचीची पुस्तकांची मांडणी आणि तिच्यावर मोकळी जागा, असा उपाय पुढे आला. कागदी पुठ्ठ्याची तेवढ्या उंचीची भिंत करून आम्ही ती बैठकीच्या खोलीतच उभी केली. उभ्या मोठ्या माणसाला तिच्यामागचे सगळे दिसते आणि मांडी घालून बसलेल्या मुलाच्या डोक्यावर मात्र ती तीस-पस्तीस सेंटिमीटर वर राहते, म्हणजे त्याच्यापुरती ती चांगली भिंतच असते. बाई स्वतः तिच्यामागे खाली बसून पाहून आल्या आणि मग त्यांनी होकार दिला.

७ फेब्रुवारी

ध्वनीचे गणित. मोठ्या माणसाला गोंगाटात एखादा शब्द निसटला तरी तो संदर्भावरून भरून काढता येतो. सहा-सात वर्षांच्या मुलाकडे शब्दांचा तेवढा साठा नसतो, त्यामुळे त्याचे पूर्ण वाक्यच हातचे जाते. म्हणून लहान मुलांच्या वर्गात ध्वनीची शिस्त सभागृहापेक्षाही काटेकोर हवी. अमेरिकी मानकात रिकाम्या वर्गातील पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबल आणि निनादकाळ, म्हणजे खोलीत घुमणारा आवाज विरायला लागणारा वेळ, ०.६ सेकंद या मर्यादा आहेत; त्याच धरल्या.

मुख्य भागाचे छत ३.२ मीटरवर आणि हाताचे २.२ मीटरवर ठेवले तर वर्गाचे घनफळ सुमारे १९० घनमीटर होते. घनफळ आणि निनादकाळ यांवरून किती ध्वनिशोषण लागेल हे सांगणाऱ्या सबीनच्या सूत्राने ०.६ सेकंदांसाठी साधारण ५१ चौरस मीटर इतके शोषण लागते. छताचे क्षेत्रच ६२ च्या पुढे आहे, तेव्हा संपूर्ण छताला ०.८ गुणांकाचे, म्हणजे पडलेल्या आवाजाचा ऐंशी टक्के भाग शोषणारे फलक लावले की ५० मिळतात आणि उरलेले भिंतीवरचे मऊ सूचनाफलक आणि पुस्तके भरून काढतात. खर्च वाचवण्यासाठी निम्म्याच छताला फलक लावावेत ही सूचना आली होती. ती मी मान्य केली नाही. छत एकदा उघडे राहिले की पुढे कोणी फलक लावत नाही आणि त्याची किंमत मागच्या रांगेतली मुले भरतात.

दोन शेजारच्या वर्गांमध्ये पूर्ण रुंदीची घडीची भिंत हवी, असा आग्रह विश्वस्तांपैकी काहींचा आहे. अशा भिंतीच्या फटी वरून, खालून आणि सांध्यांतून आवाज सोडतात. चांगल्या प्रतीची घेतली तर ती इतकी जड होते की शिक्षक ती हात लावून उघडायच्या भानगडीत पडत नाहीत. त्याऐवजी वर्गांमधली भिंत पक्की ठेवून तिच्यात २.४ मीटर रुंदीची, कडांना रबरी पट्ट्या असलेली दुहेरी दारे घेत आहोत. दोन तुकड्यांना एकत्र यायला एवढे दार पुरते आणि एका हाताने ते बंदही होते.

१३ फेब्रुवारी

संरचना अभियंत्यांबरोबर बैठक झाली आणि ती अपेक्षेहून लांबली. सगळ्या भिंतींचा भार खांब आणि तुळयांवर, दोन वर्गांमधल्या भिंती भार न पेलणाऱ्या, खांबांची जाळी ३.६ आणि ७.२ मीटरची, इथवर मतभेद नव्हता. पण पुढे कधीतरी काढता येणारी विटांची भिंत सांगाड्याला घट्ट चिकटून बांधली तर भूकंपाच्या वेळी तीही इमारतीच्या ताठरपणात भाग घेते, आणि वीस वर्षांनी कोणी एका बाजूच्या भिंती पाडल्या तर इमारत एका अंगाला ताठ आणि दुसऱ्या अंगाला सैल होते, हा त्यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. म्हणून काढता येण्याजोग्या प्रत्येक भिंतीभोवती सांगाड्यापासून फट ठेवून तिथे लवचीक भरण घालायचे आणि भिंत पडू नये म्हणून वरून पोलादी कोनांनी धरायची. नकाशावर अशा भिंती वेगळ्या रंगाने दाखवणार आहोत, म्हणजे पुढच्या पिढीतल्या वास्तुविशारदाला अंदाज करावा लागणार नाही.

याहूनही कामाचा निर्णय साधा आहे. दर ३.६ मीटरच्या पट्ट्याला स्वतःची खिडकी, दिव्यांचे स्वतंत्र बटण, पंख्याची जागा, आणि मार्गिकेच्या बाजूला दार बसू शकेल अशी चौकटीची सोय असेल. भिंत हलवणे कधीच अवघड नसते. हलवल्यानंतर एका खोलीला खिडकीच उरत नाही किंवा दोन खोल्यांचे दिवे एकाच बटणावर येतात, तेव्हा अडते. नळ आणि सांडपाण्याच्या वाहिन्या मात्र मुळीच हलणार नाहीत. त्या सगळ्या मार्गिकेलगतच्या एका जाड दुहेरी भिंतीत जातील आणि वर्गाचा हात, त्यातले पाण्याचे कुंड व स्वच्छतागृह हे त्या भिंतीला लागून राहतील.

२० फेब्रुवारी

हात धुण्याची कुंडे दोन उंचींवर, ५० आणि ६५ सेंटिमीटर. चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार १:१२ आणि प्रत्येक वर्गात ती खुर्ची वळेल असे १.५ मीटर व्यासाचे मोकळे वर्तुळ. खिडकीच्या कट्ट्याचा एक भाग कापून तिथे खुर्ची आत सरकेल अशी जागा ठेवली, म्हणजे ते मूलही इतरांच्या रांगेतच खिडकीपाशी बसेल.

२८ फेब्रुवारी

मैदानावर चुन्याच्या फक्कीने एका वर्गाची पूर्ण मापाची आकृती आखली, हाताच्या जागी पुठ्ठ्याच्या खोक्यांची कमरेइतकी भिंत रचली आणि दुसरी व चौथीतल्या मुलांना वर्ग मांडायला सांगितले. त्यांच्या हाती हलकी टेबले, चटया आणि आणखी खोकी दिली होती. आम्ही बाजूला उभे राहून केवळ नोंदी घेतल्या.

दुसरीच्या मुलांनी आधी हाताचा ताबा घेतला आणि त्यात मावेनासे झाल्यावर खोक्यांची भिंत आणखी पुढे वाढवून तोंड अरुंद केले. आत शिरायला वाकावे लागले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. चौथीच्या मुलांनी टेबले कडेने लावली, मध्यभाग मोकळा ठेवला आणि मग दाराकडे तोंड करून बसता येईल अशा जागांसाठी वाद घातला. एका मुलाने मला विचारले, "सर, आम्ही हे उद्या परत बदललं तर चालेल ना?" हो म्हटल्यावर त्याने लगेच टेबल उचलायला हात घातला आणि त्याला ते एकट्याला उचलेना. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिले 'बालगृह', म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केले तेव्हा खुर्च्या आणि टेबले मुलांना स्वतः हलवता यावीत इतकी हलकी करून घेतली होती. फर्निचरच्या विनिर्देशात आता वजनाची अट घातली आहे: खुर्ची एका मुलाने आणि टेबल दोघांनी, न ओढता, उचलून नेता आले पाहिजे. प्रत्येक नमुना मंजूर करण्यापूर्वी पहिलीतल्या मुलांकडून उचलवून पाहायचा.

हाताचे तोंड मुलांना हवे होते तितके अरुंद करता येणार नाही, कारण आग लागल्यास बाहेर पडण्याची वाट तिथून आहे. पण छत २.२ मीटरवर ठेवण्याचा निर्णय या सकाळनंतर पक्का झाला. त्या हातातच अर्ध्या भागात १.२ मीटर उंचीची एक लाकडी गुहा घेतली आहे, दोन्ही बाजूंनी उघडी, म्हणजे कोणी आत अडकणार नाही आणि वाकून शिरण्याची हौसही फिटेल.

८ मार्च

मार्गिका ३.६ मीटर रुंद केली. त्यातली १.८ मीटर सुटकेची वाट म्हणून कायम मोकळी राहील, हे जमिनीवरच्या फरशीच्या रंगातून दाखवले आहे, कारण असे काही दाखवले नाही तर दोन महिन्यांत तिथे कपाटे येतात. उरलेल्या रुंदीत प्रत्येक वर्गाच्या दाराशी कोनाडा, चपलांची मांडणी, काचेआड मुलांचे काम, आणि दोघे बसू शकतील असा ओटा. मुख्य जिना रुंद पायऱ्यांचा, अर्धा चढण्यासाठी आणि अर्धा बसण्यासाठी. हर्ट्झबर्गर यांच्या ॲम्स्टरडॅममधल्या अपोलो शाळांत मधल्या दालनातील पायऱ्या याच कामाला येतात आणि साऱ्या शाळेला एकत्र जमायला तेवढ्यावर भागते.

१९ मार्च

आज सर्वांत अधिक वेळ साठवणुकीच्या खोलीवर गेला, आणि तो योग्य ठिकाणी गेला असे मला वाटते. क्षेत्रफळ कमी करायची वेळ आली की पहिला घाव याच खोलीवर पडतो. पण टेबले बाजूला काढून नाटक बसवायचे असेल तर ती टेबले कुठेतरी जावी लागतात; जागा नसली की ती भिंतीशी एकमेकांवर रचली जातात, एकदा कोणाला लागते, आणि त्यानंतर वर्षभर कोणी टेबले हलवत नाही. हलत्या फर्निचरची शाळा अशीच हळूहळू रांगेच्या बाकांवर परत येते. दर दोन वर्गांमागे ९ चौरस मीटरची खोली, दार १.२ मीटर रुंद, उंबरठा नाही, म्हणजे चाकांची ढकलगाडी थेट आत जाईल. ही पाच खोल्यांची मागणी मी अंदाजपत्रकाच्या बैठकीत मागे घेणार नाही. कपात करावीच लागली तर दर्शनी भागावरच्या दगडी आवरणात करावी, असे लेखी कळवले आहे.

नमुना वर्ग एप्रिलमध्ये बांधायचा आहे. त्यात छताचे फलक बसवून निनादकाळ प्रत्यक्ष मोजला जाईल, दुहेरी दारे बंद असताना पलीकडचा आवाज किती येतो तेही मोजले जाईल, आणि त्यानंतरच उरलेल्या नऊ वर्गांच्या साहित्याची मागणी जाईल. खिडकीच्या कट्ट्याची कड गोल ठेवायची की चपटी, हे सुताराने केलेल्या दोन नमुन्यांवर मुले बसून पाहतील तेव्हा ठरेल.